जुन्या पेटीची ओढ : प्रस्तावना

हार्मोनियम, संवादिनी किंवा सरळ पेटी या नावांनी महाराष्ट्रात ओळखल्या जाणाऱ्या वाद्याचे वय दोनशे वर्षेही नाही. तरीही त्याच्या काही जुन्या नगांभोवती आज असे मोल साठले आहे की एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानात किंवा गावच्या भजनी मंडळाच्या कपाटात ‘पॅरिस रीडची पेटी’ असल्याचे कानावर आले, तर जाणते वादक ती नुसती पाहायला मिळावी म्हणूनही लांबचा प्रवास करतात. सतार, तंबोरा, सारंगी ही वाद्ये या भूमीत मुरलेली असल्याने त्यांच्या जुन्या नगांना मान मिळावा हे सहज समजण्याजोगे आहे. परदेशातून आलेल्या, कारखान्यात घडलेल्या आणि रागसंगीतातील ज्याच्या पात्रतेविषयी अनेक दशके वाद झडत राहिला अशा वाद्याच्या बाबतीत मात्र ही ओढ नेमकी कशाची आहे, हा प्रश्न शांतपणे तपासावा लागतो, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या वाद्याकडे संग्राहक ज्या दृष्टीने पाहतो त्या दृष्टीने वादक पाहत नाही. संग्राहकाला वाद्याचे वय, त्यावरील कारागिरी, त्याच्या मालकांची परंपरा आणि त्याचे एकमेवपण महत्त्वाचे वाटते, आणि त्या दृष्टीचे मोठे ऋण समाजावर आहे, कारण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांसारखे संग्रह त्या दृष्टीतूनच उभे राहतात. वादकाची कसोटी मात्र हाताखाली लागते. पट्टी दाबल्याबरोबर सूर किती त्वरेने बोलतो, भात्याच्या हलक्या दाबावर तो टिकतो का, गायकाने आवाज लहान केला तर पेटीलाही तितकेच लहान होता येते का, आणि तीन तासांच्या मैफलीनंतर भाता मारणारा हात शाबूत राहतो का, हे त्याचे प्रश्न असतात. या पुस्तकात ‘हवीशी पेटी’ असा उल्लेख जेथे जेथे येतो, तेथे तो या दुसऱ्या अर्थानेच घ्यावयाचा आहे.

वाद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबॅं या कारागिराने १८४२ साली ‘हार्मोनियम’ या नावाने आपल्या वाद्याचे एकस्व घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाते चालवून आणि दोन्ही हातांनी वाजवण्याचे होते. धर्मोपदेशक, इंग्रज अधिकारी आणि व्यापारी यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात पोचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात कोलकात्याच्या द्वारकिन या पेढीचे संस्थापक द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून वाजवता येईल असे आटोपशीर रूप दिले; त्यात भाता मागच्या बाजूस आला आणि तो एका हाताने चालवावा लागला. हा बदल वरवर सोयीचा दिसतो, परंतु पुढील सर्व विवेचनाचे मूळ त्यातच आहे. पायांनी भाते चालवणाऱ्या युरोपीय वादकाला हवेची चणचण फारशी भासत नसे. डाव्या हाताने भाता मारून उजव्या हाताने वाजवणाऱ्या भारतीय वादकाला हवेचा प्रत्येक घोट जपून वापरावा लागतो, आणि त्यामुळे कमी हवेत बोलणारा सूर ही त्याच्या दृष्टीने वाद्याची पहिली कसोटी ठरते.

महाराष्ट्रात या वाद्याला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने रंगभूमीमुळे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने जी संगीत नाटकांची परंपरा सुरू केली, तिच्या भरभराटीच्या काळात पायपेटी आणि ऑर्गन हे नाट्यगृहातील साथीचे अविभाज्य अंग बनले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवणे ही साथीच्या वाद्याकडून पहिली अपेक्षा असे. १९११ साली रंगमंचावर आलेल्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे स्वतः श्रेष्ठ पेटीवादक होते, आणि पेटीला साथीपलीकडे स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मागून बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे, पी. मधुकर या नावाने गाजलेले मधुकर पेडणेकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर आणि मूळचे गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर अशी जी मालिका उभी राहिली, तिच्याइतकी समृद्ध पेटीवादनाची परंपरा अन्य कोणत्याही भाषिक प्रदेशात क्वचितच आढळेल. जुन्या पेटीची ओढ मराठी वादकांत विशेष तीव्र का, याचे अर्धे उत्तर या परंपरेत आहे. उरलेले अर्धे धातूत आहे, आणि त्याचा विचार अधिक विस्ताराने करावा लागेल.

पेटीचा आवाज जिच्यातून निघतो ती वस्तू म्हणजे रीड. पितळेच्या एका जाड, लांबट चौकटीत अरुंद फट कापलेली असते, आणि त्या फटीवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाशी रिव्हेटने पक्की केलेली असते. दुसरे टोक मोकळे असते. हवेचा दाब आला की जीभ फटीतून आतबाहेर कंप पावते आणि हवेचा प्रवाह ठरावीक वेगाने तुटत-जुळत राहून सूर निर्माण होतो. शहनाईची पत्ती कंप पावताना समोरच्या पत्तीवर आपटते, तशी ही जीभ कशावरही आपटत नाही, म्हणून या रचनेस मुक्त रीड म्हणतात. तीन सप्तके आणि वर काही सूर अशा ४२ पट्ट्यांच्या पेटीत रीडच्या तीन ओळी असतील, तर त्यात अशा १२६ जिभा बसवलेल्या असतात. मधल्या सप्तकाच्या ओळीला नर, त्याहून एक सप्तक खालच्या ओळीला खर्ज आणि एक सप्तक वरच्या ओळीला मादी असे कारागिरांच्या भाषेत म्हणतात. ‘खर्ज-नर’ पेटी किंवा ‘खर्ज-नर-मादी’ पेटी हे शब्द त्यावरून आले आहेत.

रीडचा दर्जा ज्या गोष्टींवर ठरतो त्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. जीभ आणि फटीच्या कडा यांच्यातील अंतर जितके कमी आणि सर्व बाजूंनी जितके सारखे, तितकी हवेची गळती कमी आणि सूर उमटण्यास लागणारा वेळ थोडा. परंतु हे अंतर इतकेही कमी करून चालत नाही की जीभ कडेला घासू लागेल. जिभेचे मोकळे टोक चौकटीपासून किंचित वर उचललेले असते. ही उचल जास्त झाली तर सूर बोलण्यास जोराची हवा लागते, आणि कमी झाली तर जोराच्या हवेवर जीभ घुसमटून सूर बंद पडतो. जिभेची जाडी टोकापासून मुळापर्यंत एकसारखी नसते. ती कोठे किती ठेवावी यावर सुराचा पोत, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांचे प्रमाण, अवलंबून असते. शिवाय पितळ थंड अवस्थेत लाटून किंवा ठोकून कडक केलेले असावे लागते, कारण मऊ पितळेची जीभ लवकर थकते आणि तिचा सूर काही काळाने उतरतो. पॅरिसमधील चांगल्या रीडकारांनी या सर्व गोष्टींचा मेळ एकाच संचातील प्रत्येक जिभेत साधला होता, आणि खर्जापासून शेवटच्या टिपेपर्यंत आवाजाचा रंग कोठेही तुटणार नाही इतकी एकसंधता त्यात आणली होती. जुन्या पेटीविषयी वादक ‘ती बोलकी आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना अभिप्रेत असते ती ही एकसंधता आणि हा तत्पर प्रतिसाद.

येथे एका सार्वत्रिक समजुतीचा विचार करणे भाग आहे. जुने वाद्य वयाने पिकते आणि म्हणून गोड होते, असे सर्रास मानले जाते. लाकडी वाद्यांच्या बाबतीतही ही समजूत तपासणीत डळमळीत ठरली आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना, वाद्य ओळखता येऊ नये अशी दृष्टीची व्यवस्था करून, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवावयास दिली. त्या जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारी या विख्यात कारागिराने घडवलेली होती. बहुतेकांना जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखता आले नाही, सर्वांत अधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला. लाकडाच्या बाबतीत वयाचा दावा इतका दुबळा असेल, तर पितळेच्या जिभेबाबत तो त्याहून दुबळा ठरतो, कारण धातूची जीभ पिकत नाही. ती झिजते, गंजते आणि थकते. जुन्या पेटीत जे चांगले आहे ते ती नवी असतानाच तीत होते. काळाने त्यात भर घातलेली नाही, काळ केवळ निवड करत आला आहे. त्या काळातही सुमार पेट्या पुष्कळ निघत होत्या. त्या मोडीत गेल्या, आणि ज्यांची दुरुस्ती करावी असे प्रत्येक पिढीतील कोणाला तरी वाटत राहिले त्याच आज समोर आहेत.

मग चांगली जुनी पेटी दुर्मीळ का होत चालली आहे? याचे कारण युद्ध, आयातबंदी आणि युरोपातच ओसरलेली मागणी यांत शोधले जाते, आणि ते खरेही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील हार्मोनियमचा व्यवसाय मंदावत गेला, आणि भारतात गुजरातमधील पालिताणा हे रीड घडवणारे प्रमुख केंद्र बनले, जेथील रीडवर आज देशभरातील पेट्या चालतात. परंतु दुर्मीळतेचे दुसरे, अधिक खोल आणि अधिक दुःखद कारण कानस हे आहे. रीडचा सूर चढवायचा असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाशी धातू खरवडून ते हलके करतात, आणि सूर उतरवायचा असेल तर मुळाशी खरवडून तेथील ताठरपणा कमी करतात. दोन्ही कामांत धातू जातो, आणि गेलेला धातू परत येत नाही. प्रत्येक जिभेला जन्मतः मिळालेली जाडी ही तिची आयुष्यभराची पुंजी असते, आणि प्रत्येक वेळी सूर लावताना त्या पुंजीतून थोडे खर्च होते.

हा खर्च किती मोठा असू शकतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फ्रान्सने १८५९ साली अधिकृत स्वरमान ठरवले, ज्यात मधल्या सप्तकाच्या पांढरी सहाच्या, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या, सुराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ होती. आज जगभर तोच सूर ४४० कंपनांवर धरला जातो, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा नवी पेटी यांच्याशी जुळवायचे तर जुन्या पेटीलाही तेथपर्यंत आणावे लागते. अर्ध्या स्वराचे शंभर समान भाग केले तर त्यातील एका भागास सेंट म्हणतात. ४३५ ते ४४० हे अंतर सुमारे २० सेंटचे आहे. म्हणजे जुन्या स्वरमानाची पेटी आजच्या स्वरमानावर आणताना तिच्यातील एकूण एक जिभेचे टोक खरवडावे लागते, आणि ज्या हलक्या, समतोल टोकासाठी ती पेटी हवीशी वाटली होती त्याच टोकावर कानस चालते.

गांधाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पेटीवरील बारा सूर समान अंतरांवर लावलेले असतात, आणि त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. कसलेल्या गायकाला हा चढेपणा टोचतो, म्हणून अनेक साथीदार विशिष्ट पट्टीच्या गायकासाठी पेटी नैसर्गिक अंतरांवर लावून घेतात. त्याला व्यवहारात गांधार ट्यूनिंग म्हणतात. कानाला ते निश्चितच सुखावणारे आहे. तथापि काळी एक या पट्टीत गाणाऱ्याचा शुद्ध गांधार पांढरी चारवर येतो, आणि तीच पांढरी चार काळी दोनमध्ये गाणाऱ्याचा शुद्ध ऋषभ असते, जो समान अंतराच्या ऋषभापेक्षा सुमारे ४ सेंट चढा लागतो. पहिल्या गायकासाठी जी जीभ मुळाशी खरवडून १४ सेंट उतरवली, ती दुसऱ्या गायकासाठी टोकाशी खरवडून १८ सेंट चढवावी लागते. अशा रीतीने एखादी उत्तम पेटी चार हातांतून गेली की तिच्या जिभा दोन्ही टोकांनी पातळ होतात, आणि नाव पॅरिसचे राहिले तरी आवाज पॅरिसचा राहत नाही.

म्हणून प्रस्तुत पुस्तकात मांडलेला मुख्य सिद्धान्त असा आहे की हवीशी जुनी पेटी ही दोन गुणांच्या योगाने तयार होते: एक, मूळ रीडकाराचे कौशल्य, आणि दोन, तिच्या आयुष्यात तिला हात लावणाऱ्या प्रत्येक सूर लावणाऱ्याने पाळलेला संयम. पहिल्या गुणाची स्तुती सर्वत्र होते. दुसऱ्याची दखल कोठेच घेतली जात नाही, कारण तो न केलेल्या कामाच्या रूपात असतो आणि ज्यांनी तो पाळला त्यांची नावेही कोणी लिहून ठेवलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मिरज, पुणे, बेळगाव, मुंबई अशा गावांत वाद्यदुरुस्ती करणाऱ्या अनाम कारागिरांनी जिभेखालची धूळ पातळ पत्र्याने काढून, सैल झालेला रिव्हेट पक्का करून, भात्याचे चामडे बदलून आणि कानस शक्यतो पेटीबाहेर ठेवून जी सेवा केली, तिच्यामुळेच आजच्या वादकाला जुना सूर ऐकावयास मिळतो.

‘पॅरिस पेटी’ या शब्दप्रयोगाचीही येथे फोड केली पाहिजे. त्यातून संपूर्ण पेटी पॅरिसची असल्याचा भास होतो, परंतु भारतात वाजणाऱ्या अशा हातपेट्यांत बहुधा रीडच तेवढे पॅरिसचे असतात, आणि खोका, भाता, पट्ट्या व रीडबोर्ड, म्हणजे ज्या लाकडी फळीवर रीड स्क्रूने बसवलेले असतात ती फळी, हे सर्व भारतीय हातांचे काम असते. कॅसरियलसारख्या पॅरिसच्या पेढ्यांची नावे आणि जर्मन ‘जुबिलेट’ रीड यांचा लौकिक वादकांत आजही टिकून आहे. रीडचा संच एका खोक्यातून काढून दुसऱ्यात बसवता येत असल्याने असे संच कित्येकदा घरे बदलत आले आहेत, आणि एकाच पेटीत दोन-तीन संचांतील रीड मिसळलेलेही आढळतात. चौकटीवरील ठसा हा पुरावा म्हणून दुबळा आहे, कारण ठसा नक्कल करता येतो आणि अस्सल ठशाखालची जीभ बदललेली असू शकते. खरेदी करणाऱ्याने ठशापेक्षा जिभेकडे पाहावे: तिच्या पृष्ठभागावर मूळ कारागिराच्या बारीक, समांतर रेघा दिसतात की नंतरच्या वेड्यावाकड्या खुणा, आणि शेजारच्या जिभांची जाडी खर्जाकडून टिपेकडे क्रमाने बदलत जाते की मध्येच उडी घेते.

लाकडाचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. जुन्या पेट्यांचे सागवान चांगले वाळवलेले असे, आणि रीडबोर्ड वाकला तर सर्वोत्तम रीडही हवा गमावतो. म्हणून सपाट राहिलेला जुना रीडबोर्ड हा वादकाच्या दृष्टीने मोठाच लाभ असतो. परंतु सतारीच्या भोपळ्याप्रमाणे किंवा व्हायोलिनच्या पोटाप्रमाणे पेटीचे लाकूड स्वतः गात नाही. ते हवेला वाट देते आणि आवाजाचा कर्कशपणा कमी-अधिक करते. हस्तिदंती पट्ट्या, नक्षीदार जाळी, पितळी कोपरे यांनी संग्राहक मोहून जातो, आणि पुष्कळदा याच साजामुळे किंमत चढते. साथीला बसणाऱ्याच्या हिशेबात त्यांना जवळजवळ स्थान नाही.

दुर्मीळतेने हवेसेपण येत नाही याचा सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. ‘हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध करणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांच्या प्रयत्नांतून बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थाने, वाजवू शकणारी खास श्रुती-हार्मोनियम इंग्लंडमध्ये तयार करवून घेण्यात आली, आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर मोठी चर्चा झाली. सिद्धान्ताच्या निष्ठेने घडवलेले इतके दुर्मीळ वाद्य दुसरे सांगणे कठीण. तरीही वादकांनी ते आपलेसे केले नाही, कारण वाजवणाऱ्याच्या बोटांना आणि मैफलीच्या वेगाला ते सोयीचे नव्हते. आजच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली आहे. बारा सुरांत श्रुती मावत नाहीत हा देवलांचा प्रश्न खरा होता, याची ती साक्ष आहे. परंतु इतिहासमूल्य आणि वाद्यमूल्य यांतील अंतर देवलांच्या पेटीइतके स्पष्टपणे दुसरी कोणतीही वस्तू दाखवत नाही.

वाद्य हवेसे होण्यात वादकांच्या उदाहरणाचा भाग किती, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात काढलेल्या लेस पॉल स्टँडर्ड या गिटारला तेव्हा फारसा उठाव नव्हता आणि तिचे उत्पादनही थांबवले गेले. पुढील दशकात एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांच्या हाती तिचा आवाज लोकांनी ऐकला, आणि तीच गिटार जगातील सर्वाधिक मागणीच्या जुन्या वाद्यांत गणली जाऊ लागली. पेटीच्या बाबतीत हेच घडले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ सालापर्यंत राहिली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तिला साधत नाही आणि तिचे सूर बेसूर आहेत, हे आक्षेप तेव्हा जोराने मांडले गेले, आणि ते सर्वस्वी निराधारही नव्हते. त्याच तीन दशकांत मैफली, नाटके आणि ध्वनिमुद्रिका यांतून पी. मधुकरांसारख्यांनी त्या आक्षेपांना वाजवून उत्तर दिले. भात्याच्या दाबातील सूक्ष्म फरक, पट्टी अर्धवट दाबून सुराला दिलेली किंचित आस आणि बोटांची हलकी घसर यांनी त्यांनी पेटीकडून गळ्याचे अनुकरण करून घेतले. हे सारे कमी हवेत आणि तत्काळ बोलणाऱ्या रीडवरच शक्य होते. त्यांचे वादन ऐकलेल्या पुढच्या पिढीला तशी पेटी हवी वाटली, ती नावाच्या मोहाने नव्हे; जे ऐकले ते करून पाहायचे तर तसेच वाद्य लागते, हे त्यांना अनुभवाने कळले.

सर्व वादकांना एकच पेटी हवी असते असे मात्र समजू नये. ख्यालगायनाच्या साथीला खर्ज-नर पेटीचा दबका, गोलसर आवाज लागतो, कारण तो गायकाच्या मागे राहतो. भजनाच्या फडात पखवाज, झांजा आणि डझनभर गळे यांतून पेटीला वाट काढायची असते. तेथे उंच पट्टी, नर-मादीचा लखलखीत सूर आणि जोराच्या भात्याला न घुसमटणारी जीभ यांना पसंती असते. पनवेल तालुक्यातील गावे या दुसऱ्या परंपरेची आहेत. खाडीकाठच्या मूळ आगरी-कोळी वस्त्या आणि सिडकोने वसवलेल्या कळंबोलीसारख्या नगरांत देशावरून येऊन स्थिरावलेली कुटुंबे, या दोन्हींनी आपापली भजनाची रीत जपली आहे. हरिनाम सप्ताह आणि गणेशोत्सव येथे पेटीवाचून होत नाहीत. लोखंड-पोलाद बाजार आणि द्रुतगती महामार्ग यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या कळंबोलीचा उल्लेख संगीताच्या पुस्तकात अनपेक्षित वाटेल, परंतु जुन्या पेट्यांचे आजचे खरे घर संग्रहालयापेक्षा अशा ठिकाणच्या मंदिरांत आणि मंडळांत अधिक आहे, आणि त्या तेथे वाजत असल्यामुळेच जिवंत आहेत.

त्यांना धोकाही येथेच अधिक आहे. खाडीची खारट, दमट हवा पेटीची वैरी असते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याच्या चामड्याला बुरशी येते, पट्ट्यांखालच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात आणि पितळेच्या जिभेवर हिरवट कीट चढून तिचा सूर उतरतो. असा उतरलेला सूर हळुवार साफसफाईने पुष्कळदा जागेवर येतो. घाईत त्यावर कानस चालवली, तर उन्हाळ्यात कीट सुकून झडल्यावर तोच सूर चढा लागतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा कानस लागते. याहून मोठी हानी अज्ञानाने होते: नवी, पट्टी बदलता येणारी स्केल चेंजर पेटी घेताना जुनी पेटी भंगारात वजनावर दिली जाते, आणि ज्या जिभा पुन्हा घडणार नाहीत त्या पितळेच्या भावाने वितळतात.

नव्या पेट्यांविषयी या पुस्तकात कोठेही अनादर नाही. पालिताण्याचे निवडक रीड चांगल्या कारागिराने बसवले आणि त्यांची उचल व फटीतील अंतर धीराने जुळवले, तर तयार होणारी पेटी अनेक जुन्या, खरवडून पातळ झालेल्या पॅरिस पेट्यांपेक्षा निःसंशय सरस असते. तरुण वादकाने नावासाठी कर्ज काढून झिजलेली पेटी घेण्यापेक्षा उत्तम नवी पेटी घ्यावी, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ज्या घरी, मंदिरात किंवा मंडळात जुनी पेटी आहे, त्यांना मात्र आग्रहाची विनंती आहे. ती दुरुस्तीला देण्यापूर्वी तिचा आजचा सूर मोजून लिहून ठेवावा, रीडची छायाचित्रे घ्यावीत, आणि कारागिराला ‘सफाई करा, गळती थांबवा, कानस लावण्याआधी विचारा’ एवढे निक्षून सांगावे. ती आजच्या स्वरमानापेक्षा २० सेंट उतरलेली निघाली, तर तिला चढवण्याऐवजी तबला आणि तंबोरा तिच्या सुरात लावावेत. तबलजी आणि तंबोरा लावणारा दोघेही ते आनंदाने करू शकतात, आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांतही तशी सोय असते. पावसाळ्यात ती कपाटात कोंडून न ठेवता दिवसातून थोडा वेळ वाजवावी. आणि ती विकण्याची वेळ आलीच, तर ती वजनावर न देता वाजवणाऱ्याच्या हाती द्यावी.

कळंबोली, ता. पनवेल